प्रिंटर अडला म्हणजे मेला नव्हे!



घरात प्रिंटर असणे ही आता चैन राहिलेली नाही. मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रे, धाकट्याचा शाळेचा प्रोजेक्ट, थोरल्याचा बायोडेटा, आजीच्या पेन्शनचा कागद. प्रत्येकाला प्रत लागते आणि ती नेमकी रात्री लागते. अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत असते, पण कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला नऊ वाजता शटर ओढतो. म्हणून कित्येक घरांनी पोटाला चिमटा घेऊन, हप्त्याने का होईना, हे यंत्र टेबलावर आणून ठेवले आहे. कुणी त्याच्यावर चार पैसे कमावतातही.

आणि हेच यंत्र ऐन वेळी अडते. कागद भरलेला, शाई भरलेली, दिवा हिरवा, पण पडद्यावर अक्षरे येतात, "ऑफलाइन". मग घरात खटला उभा राहतो. तूच काहीतरी दाबलंस, तूच गेम खेळून बिघडवलंस. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येतो, दोन मिनिटे पाहतो आणि सांगतो, "लॉजिक कार्ड गेलंय. दुरुस्तीला खर्च करण्यापेक्षा नवीनच घ्या."

इथे माझी हरकत आहे. वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देताना मी असे बरेच "मेलेले" प्रिंटर पाहिले. त्यांतले पुष्कळसे जिवंत होते. बिघाड यंत्रापर्यंत जाणाऱ्या वाटेत होता. ती वाट एकदा समजली की पैसे काढण्यापूर्वी आपणच निम्मी तपासणी करू शकतो.

मी कारकून माणूस, म्हणून कचेरीचाच दाखला देतो. साहेबांनी सही केली म्हणजे पत्र पोहोचले असे होत नाही. ते जावक टेबलावर जाते, तिथे नोंद होते, पत्ता लिहिला जातो, मग शिपाई ते घेऊन निघतो. संगणकातही तसेच आहे. तुम्ही "प्रिंट" दाबले ही झाली सही. पुढे विंडोजमध्ये "प्रिंट स्पूलर" नावाचा जावक कारकून बसलेला असतो. तो आलेली सगळी पत्रे रांगेत लावतो. त्याच्या शेजारी एक दुभाषी असतो, त्याला "ड्रायव्हर" म्हणतात. तो तुमचा मजकूर त्या विशिष्ट प्रिंटरला कळेल अशा भाषेत उतरवून देतो. मग येतो पत्ता, म्हणजे "पोर्ट". तो कधी यूएसबीच्या वायरचा असतो, तर कधी वाय-फायवरचा आकडी पत्ता असतो. आणि शेवटी प्रत्यक्ष यंत्र. यांपैकी कोणत्या टेबलावर फाईल अडली आहे हे शोधायचे, एवढेच काम आहे. आपण मात्र सगळ्या टेबलांवर एकदम हात मारतो. वायर ओढ, संगणक बंद कर, प्रिंटर काढून टाक, पुन्हा घाल. त्यात मूळ दोष राहतो आणि दोन नवे तयार होतात.

तपासणी शेवटच्या टेबलापासून सुरू करावी. संगणक बाजूला ठेवा. प्रिंटरला वर काच असेल तर तिच्यावर एखादा छापील कागद ठेवून प्रिंटरच्याच अंगावरचे कॉपीचे बटण दाबा. स्वच्छ प्रत बाहेर आली, तर शाई, हेड, रोलर आणि कागद यांवर संशय घेण्याचे कारण उरले नाही. आतले कार्ड पूर्ण गेले असते तर ही प्रत निघालीच नसती. प्रतच आली नाही, तर मात्र संगणकाला हात लावू नका, दोष यंत्रात आहे. दुसरी परीक्षा मोबाइलची. त्याच वाय-फायवर असलेल्या मोबाइलवरून एक पान काढून पाहा. मोबाइलवरून निघते आणि संगणकावरून निघत नाही, तर संगणकात शोधायचे. दोन्हीकडून निघत नाही, तर वाय-फाय पाहायचे. प्रिंटर वायरवर असेल तर वायर बदलून पाहावी आणि मधला हब काढून ती थेट संगणकाला लावावी. या दोन परीक्षांना दहा मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत. मेकॅनिक आला तरी त्याला आधी हेच करून दाखवायला सांगा. करून दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून दुरुस्ती करून घेऊ नये, असे माझे मत आहे.

आता आमच्या वसाहतीतील एका ताईंची हकीकत सांगतो. त्यांनी बचत गटाचे कर्ज काढून शाईच्या टाकीचा प्रिंटर घेतला. फॉर्म, प्रोजेक्ट, बायोडेटा अशी कामे त्या घरी करून देत. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी सुरू झाली आणि पहिल्याच वादळी पावसात दोन तास वीज गेली. वीज आली तेव्हा प्रिंटर "ऑफलाइन". तीन दिवस काम बंद. गिऱ्हाईक दुसरीकडे वळले. एक मेकॅनिक येऊन लॉजिक कार्डाचा निकाल देऊन गेला होता, आणि त्याने सांगितलेली रक्कम नव्या यंत्राच्या निम्म्याच्या आसपास होती.

ताई म्हणाल्या, "भाऊ, कार्ड घालू की हप्ता भरू?"

म्हटले, "ताई, आधी एक झेरॉक्स काढून बघू."

झेरॉक्स उत्तम निघाली. मोबाइलवरूनही पान आले. म्हणजे यंत्र धडधाकट. मग संगणकात "सेटिंग्ज"मध्ये जाऊन "प्रिंटर्स अँड स्कॅनर्स" उघडले. तिथे एकाच प्रिंटरची दोन नावे होती, एक मूळचे आणि दुसऱ्यापुढे "कॉपी १" असे लिहिलेले. असे का होते? पूर्वी हा प्रिंटर वायरवर होता आणि मुलाने एकदा वायर काढून दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली होती. खाच बदलली की विंडोज पुष्कळदा त्याच प्रिंटरला नवा प्रिंटर समजते आणि जुन्या नावाला "ऑफलाइन" ठरवते. आपण मात्र जुन्याच नावावर कागद पाठवत राहतो. म्हणून यादीतली मेलेली नावे काढून टाकावीत. त्याच पानावर "नेहमीचा प्रिंटर विंडोजला ठरवू द्या" या अर्थाची एक सोय असते, तीही बंद करावी. ती चालू असेल तर जो प्रिंटर शेवटी वापरला तोच नेहमीचा होऊन बसतो. एखाद्या दिवशी पीडीएफ बनवली की दुसऱ्या दिवशीचे कागदही पीडीएफकडे जाऊ लागतात आणि आपण प्रिंटरसमोर हात जोडून उभे!

ताईंच्या संगणकावरची रांग उघडली तर तिथे अकरा कामे तुंबलेली होती. सर्वांत वर एका विद्यार्थ्याचा अर्ज, त्याच्यापुढे "डिलीटिंग" असे लिहिलेले, आणि तीन दिवस ते तसेच. कचेरीत एका फाईलवर शेरा अडला की खालचा गठ्ठा अडतो, तोच प्रकार. अशा वेळी रांगेत "कॅन्सल" दाबून काही होत नाही. संगणक पुन्हा सुरू केला तरी कधी कधी ते भूत तिथेच असते, कारण अडलेले काम डिस्कवर फाईल म्हणून जपून ठेवलेले असते. उपाय असा की आधी कारकुनाला उठवायचे, मग त्याचे टेबल साफ करायचे, मग त्याला पुन्हा बसवायचे. स्टार्टच्या शोधचौकटीत "सर्व्हिसेस" शोधून उघडा. यादीत "प्रिंट स्पूलर" सापडेल. त्यावर उजवी कळ दाबून "स्टॉप" करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात स्पूल आणि त्यात प्रिंटर्स अशा क्रमाने आत जा. या शेवटच्या फोल्डरमध्ये ज्या फाईली दिसतील त्या पुसा. फक्त त्या आतल्या फाईली पुसायच्या. फोल्डर पुसायचा नाही आणि सिस्टम३२ मधल्या इतर कशालाही बोट लावायचे नाही. नंतर "स्टार्ट" करा. हे करताना संगणक ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतो, ती द्यावी लागते.

रांग मोकळी झाली. ताईंनी पान सोडले. पुन्हा "ऑफलाइन"!

या ठिकाणी माणसाचा धीर सुटतो, म्हणून मुद्दाम थांबून सांगतो. जो बिघाड हट्टी वाटतो, तो बहुधा एकटा नसतो. एकावर एक असे दोन दोष बसलेले असतात. पहिला काढला तरी पान येत नाही, म्हणून आपल्याला वाटते की उपाय चुकला, आणि आपण केलेले निस्तरायला लागतो. तसे करू नये. एक दोष निघाला याची वहीत नोंद करावी आणि पुढच्या टेबलावर जावे.

पुढचे टेबल पत्त्याचे होते. वाय-फायचा राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता वाटतो. हा पत्ता कायमचा नसतो. वीज जाऊन आली की राउटर नव्याने वाटप करू शकतो. मोबाइल दर वेळी प्रिंटरला नव्याने शोधून काढतो, म्हणून त्याचे अडत नाही. संगणक मात्र जुन्या पत्त्यावरच टपाल पाठवत राहतो. ताईंच्या प्रिंटरवरून नेटवर्कच्या माहितीचे पान छापले (ही सोय बहुतेक वाय-फाय प्रिंटरांत असते). त्यावर पत्त्याचा शेवटचा आकडा ७ होता. संगणकात "प्रिंटर प्रॉपर्टीज"मधील "पोर्ट्स" पाहिले, तर तिथे ४. "ॲड पोर्ट" दाबून "स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट" निवडला, कागदावरचा पत्ता जसाच्या तसा लिहिला. यंत्राने घरघर केली आणि पान बाहेर आले. त्याच दिवशी राउटरच्या पानावर जाऊन तो पत्ता त्या प्रिंटरसाठी राखून ठेवला, म्हणजे पुढच्या वादळात पुन्हा हीच कथा नको. राउटरचे पान उघडण्याचा पत्ता आणि पासवर्ड बहुधा राउटरच्या पोटावरच्या चिकटपट्टीवर असतो. एकूण दीड तास गेला आणि दोन कप चहा.

वाय-फायबद्दल आणखी दोन गोष्टी. स्वस्त घरगुती प्रिंटर बरेचदा २.४ गिगाहर्ट्झच्याच लहरींवर चालतात. राउटर नवा घेतल्यावर प्रिंटरला वाय-फायचे नावच दिसेनासे झाले, तर राउटरमध्ये २.४ चालू आहे ना हे पाहा. आणि पाहुण्यांसाठीच्या "गेस्ट" वाय-फायवर प्रिंटर किंवा संगणक जोडू नये. त्या जाळ्यावरची यंत्रे सहसा एकमेकांना दिसू दिली जात नाहीत.

काही वेळा दोष तुमचाही नसतो आणि यंत्राचाही नसतो. मार्च २०२१ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर काही प्रिंटरांवर पान सोडताच संगणक निळा पडदा दाखवून बंद पडत होता. जानेवारी २०२५ अखेरच्या अपडेटनंतर यूएसबीवरचे काही प्रिंटर आपण होऊन निरर्थक अक्षरांची पाने बाहेर टाकू लागले. पुढे मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती दिली. घरात भुताटकी झाली असे समजायचे कारण नव्हते! तेव्हा "कालपर्यंत ठीक होते, आज सकाळपासून बिघडले" अशी तक्रार असेल, तर आदल्या रात्री अपडेट आले होते का, हे "अपडेट हिस्टरी"मध्ये पाहावे. २०२१ साली याच स्पूलरमध्ये "प्रिंटनाइटमेअर" नावाचे एक गंभीर भगदाड सापडले होते. त्यानंतर विंडोजने ड्रायव्हर घालण्याचे नियम कडक केले आणि ॲडमिनिस्ट्रेटरशिवाय ड्रायव्हर घालणे अवघड झाले. मुलांचे खाते वेगळे असेल आणि तिथे ड्रायव्हर जात नसेल, तर कारण हे असू शकते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने संगणक चालतात, प्रिंटही होते. पण आपल्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आजच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. जुन्या मॉडेलांची पाने कंपन्या कधी काढून टाकतील याचा भरवसा नाही.

आता खास आपल्या मराठीचा त्रास. लग्नपत्रिका, पुण्यानुमोदनाचे पत्र किंवा मंडळाचा अहवाल डीटीपीवाल्याकडून फाईल म्हणून आणतात. घरी उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि तीच छापून येते. दोष मात्र प्रिंटरला! श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. तो फाँट तुमच्या संगणकात नसेल तर खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. डीटीपीवाल्याला सांगा की फाँटसह पीडीएफ करून द्या. प्रश्न मिटला. दुसरा प्रकार असा की पडद्यावर मराठी नीट दिसते, पण छापताना वेलांट्या सरकतात किंवा अक्षरांऐवजी चौकोन येतात. तेव्हा ॲडोबी रीडरच्या प्रिंटच्या चौकटीत "ॲडव्हान्स्ड"मध्ये "प्रिंट ॲज इमेज" ही खूण करा. पान चित्र म्हणून जाते, थोडा वेळ जास्त लागतो, पण जसे दिसते तसे छापले जाते.

कागदाच्या मापाचीही एक खोड आहे. आपल्याकडे ए४ कागद चालतो, २१० बाय २९७ मिलिमीटरचा. पण कित्येक कार्यक्रमांत मूळचे माप "लेटर" असते, म्हणजे २१६ बाय २७९. प्रिंटर लेटरची वाट पाहत दिवा लुकलुकवत बसतो आणि आपण बिघाड शोधत बसतो. प्रतिज्ञापत्राचा लीगल कागद २१६ बाय ३५६ असतो. तो घालताना संगणकातही माप बदलावे लागते, नाहीतर खालच्या चार ओळी गायब होतात, आणि नेमकी सहीची जागा तिथेच असते.

शाईच्या प्रिंटरवाल्यांना एक कळकळीची विनंती. वीजबिलाच्या काळजीने आपण भिंतीवरचे बटण बंद करतो. ते करा, पण आधी प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा. तेव्हा हेड बाजूला जाऊन टोपीखाली बसते. एकदम भिंतीवरून वीज तोडली तर ते मध्येच उघडे राहून वाळू शकते. आठवड्यातून एक रंगीत पान काढावे. रेघा तुटक येऊ लागल्या तर "नॉझल चेक" करा, मग एकदा किंवा दोनदा "हेड क्लीनिंग". तेवढ्याने भागले नाही तर यंत्र काही तास स्वस्थ ठेवा. सलग दहा वेळा साफसफाई करणारे लोक शाईची टाकी गटारात ओतत असतात. साफसफाईची शाई आतल्या स्पंजात जाते आणि तो स्पंज भरला की प्रिंटर काम थांबवतो. पावसाळ्यात रिम उघडी ठेवू नये. दमट कागद वळतो आणि दोन-दोन पाने एकदम ओढली जातात.

आणखी एक धोका सांगतो, कारण यात रोख पैसे जातात. प्रिंटर अडला की लोक इंटरनेटवर "कस्टमर केअर"चा नंबर शोधतात. वर येणारा नंबर कंपनीचाच असेल असे नाही. पलीकडचा माणूस गोड बोलतो, संगणकाचा ताबा दुरून घेता येईल असे ॲप घालायला सांगतो, आणि मग "फक्त दहा रुपये भरा" म्हणतो. दहाचे किती होतात ते बँकेचा मेसेज आल्यावर कळते. नंबर प्रिंटरच्या खोक्यावरचा किंवा अधिकृत संकेतस्थळावरचाच घ्या. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवण्याची शक्यता अधिक.

यंत्र खरोखरच बिघडते, तेही मान्य. स्वतःची प्रत निघत नाही, कागद ओढताना कडकड आवाज येतो, जळका वास येतो, स्पंज भरल्याचा इशारा येतो. अशा वेळी मेकॅनिकच बोलवावा. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि पावती घ्यावी. त्याला फोन करताना "प्रिंटर चालत नाही" एवढेच सांगू नका. कॉपी निघते का, मोबाइलवरून निघते का, कोणते दिवे लागतात, कधीपासून, एवढे सांगा. ताईंनी तर एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा कापून प्रिंटरच्या बाजूला चिकटवला आहे. त्यावर मॉडेलचा क्रमांक, राखून ठेवलेला पत्ता, ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह कोणत्या डब्यात आहे ते, आणि सर्वांत खाली मोठ्या अक्षरांत: "आधी झेरॉक्स काढून बघ."